तहातली विळी

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील रायगडच्या किनाऱ्यावर एका बंदरात क्रेन चालवायचे आणि कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. वाटून उरलेले गठ्ठे घरी यायचे. कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकलो. मी सलग वाचलेलं पहिलं वाक्य ‘कामगार बंधूंनो, सावध व्हा’ हे होतं. प्रत्येक पत्रकाच्या शेवटी मागण्या असायच्या. त्यामुळे अन्यायाला आकडे घालून तो साहेबासमोर मोठ्यानं वाचला की निम्मं काम झालं, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो.

हीच शिदोरी घेऊन मी इलेक्ट्रिशियन म्हणून सौदीत आलो. आमचा कॅम्प कतीफच्या बाहेर. पत्र्याच्या खोल्यांच्या समोरासमोर दोन रांगा, मध्ये वाळूचा पट्टा आणि पट्ट्याच्या मधोमध पिण्याच्या पाण्याचा कूलर. एका रांगेत आम्ही रत्नागिरी-रायगडचे, हिंदू-मुसलमान मिसळून. समोर सांगली-कोल्हापूरकडचे फिटर आणि वेल्डर. भाषा दोन्हीकडे मराठीच, पण किचन दोन. त्यांचं भाकरी-मटणाचं, आमचं भात-माशांचं.

आमचं किचन चाचांचं होतं. चाचा दापोलीकडचे, साठी ओलांडलेले. कंपनीच्या कागदावर ते सफाई कामगार. सकाळी दोन्ही रांगा झाडायच्या आणि मग आमच्यासाठी रांधायचं, अशी सोय कॅम्प बॉसनं चालू दिली होती. वय झाल्यामुळे त्यांचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, दर वर्षी कॅम्प बॉसच्या शब्दावर पुढे सरकायचा. सुटीला गावी जाऊन आले की चाचा आठवडाभर गप्प असायचे. एकदा मी कारण विचारलं.

“घर पोरांनी वाटून घेतलंय,” ते म्हणाले. “मी गेलो की सुना चांगली कपबशी काढतात. पाहुण्यांची. माझी खाट पडवीत, चपलांच्या बाजूला. इथे निदान माझं आधण माझ्या हातात आहे.”

म्हणजे त्यांना राहायला जगात एकच जागा होती, आणि ती आमच्या किचनमधल्या गॅसपुढची होती. पुढे जे सांगणार आहे त्यात पणाला लागलेली गोष्ट ही एवढीच.

भांडण लागलं सोड्यांवरून. कतीफच्या बाजारात हंगामात कोळंबी मुबलक मिळते. चाचा ती सोलून, मीठ लावून, ताटं एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर ठेवायचे. त्या गरम झोतात एका दुपारात असे सोडे वाळायचे की गावच्या उन्हाला जमणार नाहीत. पण तो झोत सरळ समोरच्या रांगेच्या खिडक्यांवर जायचा. वास कसा असेल हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, आणि घाटावरच्या माणसाला सांगून उपयोग नाही.

समोरच्या रांगेचा म्होरक्या फोरमन होता. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. बोलायला मृदू, दाढी रोज घोटलेली, शर्टाची घडी मोडलेली मी कधी पाहिली नाही. त्यानं दोनदा येऊन सांगितलं, “चाचा, आमची पोरं जेवत नाहीत ओ.” आम्ही हसलो. तिसऱ्या वेळी तो आलाच नाही. एका शुक्रवारी, आमचे लोक जुम्म्याहून परतायच्या आत, त्याच्या पोरांनी सगळी ताटं वाळूत उपडी केली आणि कॅम्पातली मांजरं बोलावली.

आम्ही पट्टा ओलांडून गेलो. ते जास्त होते आणि त्यांच्याकडे पाइपाचे तुकडे होते. आमच्या एका प्लंबरचं मनगट मोडलं. शेवटी आम्ही आमच्याच किचनमध्ये कोंडले गेलो आणि ते बाहेरून दारावर झारे आपटत गाणी म्हणत बसले. इतका स्पष्ट पराभव मी त्यानंतर पाहिला नाही.

कॅम्प बॉस हैदराबादचा. त्याला भीती एकच, पोलिसांची. “पुलिस आयी तो सब का खुरूज,” तो म्हणाला. खुरूज म्हणजे कायमचं बाहेर. “मेरे कू ये लफडा नक्को. तुम लोगां आपस में लिख लेओ, खलास.”

लिहिलं अण्णानं. जिंकलेलाच लिहितो. टाइप केलेला कागद किचनच्या दारावर चिकटवला आणि वाचता येतं म्हणून आमच्या लोकांना तो मी मोठ्यानं वाचून दाखवला. कोकण मेसनं, म्हणजे आम्ही, बोटापेक्षा लांब पात्याचे सगळे सुरे जमा करायचे. भाजी-मासळी कापायला समोरच्या किचनमधला एक सुरा अर्धा तास मिळेल, तिथेच, साखळीला बांधलेला. क्रिकेटच्या बॅटी जमा. तिघांपेक्षा जास्त माणसांनी एकत्र बसायचं नाही. सुऱ्याचा अर्धा तास आणि झाडलोट सोडून कूलरच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. हातभरापेक्षा लांब दांडा, काठी, पाइप बाळगायचा नाही. दर गुरुवारी तपासणी. आणि शेवटचं कलम: यातलं काहीही मोडलं तर किचन बंद, आणि किचन चालवणारा कॅम्पबाहेर.

“किचन चालवणारा म्हणजे कोण रे?” चाचांनी विचारलं. त्यांना कळलं होतं. त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

“तुम्ही, चाचा.”

“बरं. सुरे आणा सगळे.”

आम्ही सुरे आणले. मासे कापायचा कोयता, कांद्याची सुरी, कलिंगडाची. फळीवर ओळीनं मांडले. चाचा आपल्या विळीवर बसून हे पाहत होते. ही विळी त्यांनी गावाहून लुंगीत गुंडाळून, सामानात टाकून आणली होती. शिसवी पाट, मिटवता येणारं पातं, टोकाला खवणी. पातं उभं केलं की वीतभर तरी भरलं असतं. तिच्यावर त्या दिवशी ते बसले होते, रोज बसायचे. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही यादीत येते. दुसरी कुठलीही माणसं असती तर पातं बघून पहिली तीच उचलली असती. पण आमच्या लेखी सुरा हातात धरतात, कोयता हातात धरतात, विळीवर बसतात. माणूस जिच्यावर बसतो ते हत्यार कसं असेल?

गुरुवारी तपासणीला सिक्युरिटी गार्ड आला. चाचा मिटलेल्या विळीवर बसून लसूण सोलत होते. गार्डनं बोट दाखवलं, “ये क्या?”

“बैठने का,” चाचा म्हणाले. त्यात खोटं काय होतं?

गार्डच्या मागे अण्णा उभा होता. विळी त्याला ओळखू येणार नाही कशी? त्याची आई काय स्टूलवर बसून कापत असेल? त्यानं विळीकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं आणि पुढे गेला. आम्हाला वाटलं, माणूस मनानं बरा आहे.

तहाची पहिली गंमत झाडूनं दाखवली. गार्डनं चाचांच्या झाडूचा दांडा मोजला आणि करवतीनं हातभर ठेवून बाकीचा कापला. दोन्ही रांगा आता चाचा कमरेत वाकून झाडायचे. समोरची पोरं खिडकीत बसून नमाजातल्या वाकण्या-टेकण्यावरून म्हणायची, “चाचा, रुकू झाला, आता सजदा करा.” चाचा मान वर करत नसत. आम्ही तिघातिघांच्या पाळ्या करून जेवायचो. नारळ उंबऱ्यावर आपटून फोडायचो. साखळीच्या सुऱ्याला मी एकदाच गेलो. साखळी इतकी आखूड ठेवली होती की सुरमई कापायला गुडघे टेकावे लागत, आणि ते बघायला चारजण थांबायचे. पुढे मासे आम्ही हातानं तोडू लागलो. मोठी मासळी मात्र चाचा दार लोटून विळीवर कापायचे. लपवण्यासाठी नव्हे, माशा येतात म्हणून. चाचांना तोवरही आपण काही मोडतो आहोत असं वाटत नव्हतं. मला वाटू लागलं होतं. पण तपासणीमागून तपासणी निघून गेली होती, आणि मी ते मनाआड केलं.

एका पाळीला, जेवताना, मी वडिलांच्या एका पुस्तिकेतला धडा सांगितला. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला. जिंकलेल्यांनी तह लिहिला. सैन्य एक लाखाच्या वर नको. रणगाडे नकोत, विमानं नकोत, पाणबुड्या नकोत. ऱ्हाईन नदीच्या काठी सैनिक ठेवायचा नाही.

“म्हणजे त्यांचा कूलर,” मनगट मोडलेला प्लंबर म्हणाला. त्याचा हात अजून गळ्यात होता.

“आपल्याकडे पाणबुड्या किती रे?” दुसऱ्यानं विचारलं.

“एक आहे. तिच्यात भात शिजतो.”

“मग त्यांनी काय केलं?” चाचांनी वाढता वाढता विचारलं.

“मोटारीवर पुठ्ठे लावून रणगाडे केले आणि त्यांच्यावर कवायत केली. इंजिन नसलेल्या विमानांवर उडायला शिकले. जिंकणारे तपासायला यायचे, तेव्हा हरलेल्यांना आपल्याच तोफा आपल्याच हातानं तोडून दाखवाव्या लागायच्या.”

“आणि पुढे?”

“पुढे दुसरं महायुद्ध.”

चाचांनी पातेल्याच्या कडेला डाव आपटला. “म्हणजे एवढ्यांतल्या एकानंही नीट जेवण केलं नाही. तू खा.”

मी खाल्लं, पण आत जळत होतो. मला त्या इतिहासातून एकच गोष्ट कळत होती. वार करून जिंकणारा एकदाच मारतो. कागद लिहून जिंकणारा रोज मारतो, आणि त्याला शांतता म्हणतो. कॅम्पात खरोखर शांतता होती. कॅम्प बॉस आल्यागेल्याला सांगायचा, देखो, कितना सुकून है.

मग चतुर्थी आली. अण्णाच्या खोलीत दार लावून मोदक करायचं ठरलं होतं. दुपारी तो स्वतः पट्टा ओलांडून आला. त्याला ओलांडायला बंदी नव्हती. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले नारळ.

“चाचा, एवढे खवून द्याल का? आमच्याकडे खवणी नाही.”

चाचांनी एका शब्दानंही विचारलं नाही की आमच्याकडे आहे हे तुला कसं माहीत. त्यांनी विळी उघडली, खाली स्वच्छ कागद पसरला आणि पांढरंशुभ्र खोबरं पाडून दिलं. करवंटीचा काळा कण येऊ दिला नाही. अण्णा शेजारी उकिडवा बसून बघत होता.

“आमची आई अशीच बसायची,” तो म्हणाला.

संध्याकाळी त्यानं ताटभर मोदक पाठवले. आमच्यातल्या काहींनी तर तेव्हाच ठरवून टाकलं की भांडण मिटलं. मी त्या मोदकांना हात लावला नाही. मी म्हणालो, ज्या हातानं झाडू कापायचा कागद लिहिला त्याच हातचं गोड का खायचं? प्लंबर म्हणाला, “तू नको खाऊ. तुझे मला दे.”

महिन्याच्या शेवटी टीव्हीच्या हॉलमध्ये कॅम्प बॉसची बैठक असायची. तक्रारी म्हणजे एसी, पाणी, ढेकूण. त्या दिवशी मी उठलो. मागण्या तोंडपाठ होत्या. अटी दोन्ही रांगांना सारख्या लावा, नाहीतर दोघांवरच्याही काढा. मासे हातानं तोडणारा माणूस यंत्रावर हात नीट चालवू शकत नाही. साठीतल्या माणसाला हातभर झाडूनं वाकवणं ही शिस्त नाही, हा सूड आहे. माझा आवाज चढला होता. मागच्या बाकावरून समोरच्या रांगेतल्याही कुणीतरी “बरोबर आहे” म्हटलं. कॅम्प बॉसनं मान हलवली. “हौ. बात तो सही है. कब तक चलेगा ये?”

मी खाली बसलो तेव्हा मला वाटलं, जिंकलो.

अण्णा उठला. शर्टाची घडी तशीच. “साहेब, अटी काढायला हमको भी हरकत नहीं,” तो शांतपणे म्हणाला. “लेकिन इन्होंने एक भी दिन अट पाळी क्या, पहले वो पूछो. इनके पास हत्यार है. पहले दिन से है.”

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. आमच्यापैकी कुणीतरी खरंच काही लपवलंय की काय, असंच आम्हाला वाटलं. अण्णा बाहेर गेला आणि विळी घेऊन आला. कॅम्प बॉसच्या टेबलावर ठेवून त्यानं पातं उभं केलं. ट्यूबलाइटखाली ते लखलखलं. रोज घासलेलं होतं.

“ये क्या है?” कॅम्प बॉसनं पात्याला वीत लावून पाहिली.

“विळी,” चाचा म्हणाले. “खाना बनाने की.”

गार्ड दारात होता. तो पुढे आला. “साब, मेरे कू बोला था बैठने का है.”

“बैठने का भी है,” चाचा म्हणाले. कुणीतरी हसलं. मग बरेच हसले.

मी उठलो आणि मराठीत ओरडलो, “अण्णा, तू हिच्यावर खोबरं खवून घेतलंस.”

“म्हणून तर माहितीये धार कशी आहे,” तो मराठीतच म्हणाला, आवाज न चढवता. “तू नसतं भाषण केलंस तर मी बोललोही नसतो. चाललं होतं की.”

कॅम्प बॉसला मराठी कळत नव्हतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. दारावर कागद होता आणि कागदावर शेवटचं कलम होतं. तो मऊपणे म्हणाला, “चाचा, वैसे भी तुम्हारी उमर हो गयी. इस बार इकामा के लिए मैं नहीं बोलूँगा. घर जाओ, आराम करो.”

चाचांनी “घर” हा शब्द ऐकला. मग पुढे होऊन त्यांनी टेबलावरच्या विळीचं पातं मिटवलं.

त्यानंतर पुष्कळांनी मला सांगितलं, तू गप्प बसला असतास तर म्हातारा राहिला असता. मी ते मानत नाही, आजही मानत नाही. ती विळी अण्णानं पहिल्या गुरुवारी पाहिली होती आणि तेव्हापासून जपून ठेवली होती. माझं भाषण नसतं तर दुसऱ्या कशासाठी तरी काढली असती. जिंकलेला माणूस हरलेल्याची एखादी चूक मुद्दाम शिल्लक ठेवतो. हे मला वडिलांच्या कुठल्याच पत्रकात मिळालं नव्हतं.

किचन बंद झालं. विळी मोडायची ठरली, आणि ती आम्हीच मोडायची, सगळ्यांसमोर, वर्कशॉपच्या अंगणात. आमच्या फॅब्रिकेटरनं नकार दिला. अण्णा म्हणाला, “मग इलेक्ट्रिशियनला द्या. जीभ चालते तसा ग्राइंडरही चालेल.”

मी नाही म्हणणार होतो. चाचा म्हणाले, “तूच काप. दुसरा कुणी पाट जाळील.”

म्हणून मी कापलं. विळी व्हाइसमध्ये आवळली, चष्मा लावला आणि ग्राइंडर टेकवला. पातं जुन्या, चांगल्या पोलादाचं होतं, सहज तुटेना. ठिणग्या वाळूवर पडत होत्या आणि समोरची पोरं मोबाइल धरून उभी होती. खवणीचा दातेरी तुकडा आधी पडला. पातं दोन तुकड्यांत गेलं. गार्डनं ते तुकडे मोजून भंगाराच्या पिंपात टाकले. पाटाला डाग लागला नव्हता. पात्याच्या जागी दोन स्क्रूंची भोकं उरली. कॅम्प बॉसनं पाट चाचांच्या हातात दिला. “ये लेओ. अब सच्ची बैठने का है.”

जायच्या दिवशी विमानतळाची गाडी उशिरा आली. चाचा गेटपाशी सावलीत त्या पाटावर बसले होते, बॅग गुडघ्यांत धरून. तिघांपेक्षा जास्त बसायला अजून बंदी होती, म्हणून आम्ही दोघं त्यांच्याजवळ आणि बाकीचे लांब भिंतीला टेकून. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. चाचा म्हणाले, “प्लंबरला सांग, हात रोज कोमट तेलानं चोळ. विसरतो तो.”

मग अण्णा आला. इस्त्रीच्या शर्टात, निरोप द्यायला.

“चाचा, मनात राग नाही ना?”

चाचांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुझे मोदक खाल्ले मी,” ते म्हणाले. “गूळ जास्त झाला होता. पारी जाड. तुझ्या आईनं शिकवलं नाही वाटतं.”

अण्णाचा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला मी पाहिला. त्यानं गार्डकडे वळून हिंदीत सांगितलं, सामान चेक करून सोड. गार्डनं चाचांना उठवलं, पाट उलटा केला, भोकांत बोट घालून पाहिलं. “खलास. यल्ला, चलो.” गाडी आली. चाचांनी पाट काखेत घेतला आणि बसले. त्यांना त्या पडवीत बसायला निदान स्वतःचं काहीतरी होतं, असं मला वाटून घ्यायचं होतं. पण तसं वाटेना.

पुढच्या आठवड्यात दारावरचा कागद कॅम्प बॉसनं स्वतःच्या हातानं काढला. किचनच नाही तर अटी कशाला, तो म्हणाला. आमच्या बॅटी परत मिळाल्या. आम्ही कंपनीच्या मेसमध्ये जेवतो, समोरच्या रांगेच्या शेजारच्या टेबलावर, हवे तितके मिळून. संध्याकाळी दोन्ही रांगा एकत्र क्रिकेट खेळतात. मी खेळत नाही.

चाचांच्या जागी सफाईला एक नेपाळी माणूस आलाय, कमरेनं अगोदरच थकलेला. झाडू त्याला तोच मिळाला. सकाळी तो दोन्ही रांगा वाकून, गुडघ्यांपर्यंत वाकून झाडतो. मी त्याला म्हणालो, स्टोअरमध्ये सांग, लांब दांडा लावून देतील. तो म्हणाला, पूछा था भैया, वो बोलते हैं इधर का झाडू ऐसाही होता है.